परातीतला वारा

आमच्या तांबखडीत वारा पहिल्यांदा दिसला तेव्हा चारशे माणसं माळावर आ वासून उभी होती, आणि एकटे माझे सासरे सगळ्यांकडे पाठ करून दगडावर बसले होते.

"मला वारा अंगाला कळतुया," ते म्हणाले. "डोळ्याला कशाला दावता?"

आकाराम सरगर त्यांचं नाव, पण सारं गाव त्यांना आप्पा म्हणतं. पवनचक्क्यांना, म्हणजे आमच्या बोलीत पंख्यांना, त्यांचा वीस वर्षांचा विरोध. पलीकडच्या गरुडमाळावर पंखे उभे राहिले आणि लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं. पंख्यांनी ढग पळवले, असं आप्पांनी ठरवलं. आणि आप्पांनी ठरवलं की गाव ठरवतं. कंपनीच्या गाड्यांपुढे ते दोनदा आडवे झोपले आहेत. दोन्ही वेळा गाड्या आल्या वाटेनं परत गेल्या.

मी त्यांची सून, प्रणाली. गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला असतात, सासूबाई जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे घरात मी, आप्पा आणि एक म्हैस. पंखे ढग पळवत नाहीत हे मी दर वर्षी वर्गात शिकवते आणि मुलं घराचा उंबरा ओलांडताच ते विसरतात. खरं सांगायचं तर मला पंखे हवे होते. हल्ली मार्च लागला की आमच्या शाळेच्या भिंती तापतात. सकाळी दहाला शाळा सोडावी लागते, मे महिन्यात तर म्हातारी माणसं ओलं पोतं पांघरून बसतात. चाळीस पंख्यांच्या बदल्यात गावाला बारा महिने, चोवीस तास वीज मिळणार होती. मला एवढंच दिसत होतं.

नव्या कायद्याप्रमाणे पंखे लावायच्या आधी त्या जागेच्या वाऱ्याची एक हंगाम तपासणी करावी लागते. तीही कंपनीच्या नव्हे, गावानं नेमलेल्या माणसाकडून. तिचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय एक खड्डासुद्धा खणता येत नाही. गावानं मला नेमलं. गंमत म्हणजे माझं नाव आप्पांनीच सुचवलं. "घरचं माणूस हाय," ते म्हणाले, "लबाडी न्हाय करायचं."

भादव्यात यंत्र आलं. त्याला वायुदर्शी म्हणतात. माणसाच्या उंचीचा पांढरा खांब, वर काचेचा गोल घुमट, घुमटात सतत फिरणारा डोळा. कंपनीतर्फे मिरजेचे इंजिनियर इरफान मुजावर ते घेऊन आले आणि गावाच्या मधोमध असलेल्या म्हसोबाच्या टेकावर त्यांनी ते बसवलं. पोरगेला, शांत माणूस. गावात शिरताना चेहऱ्यावर थोडी भीती होती, तिचं कारण त्यांना आप्पांबद्दल कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. घुमटातला डोळा चारी दिशांना प्रकाश फेकतो. आपल्याला न दिसणारा, डोळ्यांना इजा न करणारा. हवेत धुळीचे, परागांचे अगणित कण तरंगत असतात. त्यांच्यावर आपटून तो प्रकाश परत येतो. कण यंत्राकडे येत असेल तर परतलेल्या प्रकाशाचा रंग किंचित एका बाजूला सरकतो, लांब जात असेल तर दुसऱ्या. त्या सरकण्यावरून कणाचा, म्हणजे त्याला वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा वेग कळतो. हवा किती गार आणि किती ओली आहे, तेही त्यातूनच समजतं. ही युक्ती जुनीच. पूर्वी तिच्यातून कागदावर आलेख निघत, आणि आलेख वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. आता यंत्र सेकंदात कोसभर हवा वाचतं आणि ती चष्म्यातून जागच्या जागी दाखवतं. शिवाय त्याला सांगितलं की इथं इथं पंखे आहेत असं समज, तर आजच्याच वाऱ्याचं उद्या काय होईल तेही दाखवतं.

मुजावरांनी चाळीस चष्मे आणले होते. पहिला मी लावला.

काय सांगू! आमचा माळ म्हणजे बोडका. झाड म्हणाल तर म्हसोबाचा लिंब आणि शाळेपुढचं वडाचं. वीस वर्षं मी त्याला रिकामा समजत होते. तो रिकामा नव्हताच. मावळतीकडून उजेडाचे धागे, लाखो धागे, वाहत येत होते. गार ते निळे, उबदार ते नारिंगी. कड्याशी आले की ते एकावर एक चढत, वर उसळून पुढे कोसळत. प्रत्येक घराच्या पाठीशी एक भोवरा गरगरत होता. वडात शिरलेला वारा हजार फाटे होऊन बाहेर पडत होता. आणि माळाच्या मध्यावर तापलेल्या खडकातून एक नारिंगी खांब सरळ आभाळात गेला होता. त्या खांबाला टेकून एक घार वर वर चढत होती. घार पंख न हलवता कशी चढते हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर खडूनं काढून दाखवलं होतं. ते असं असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

चष्मे हातोहात फिरले. ऐंशी वर्षांच्या पारूबाई बंडगरांनी चष्मा लावला आणि माझा दंड घट्ट धरला. "बाई गं, वगळीला लोंढा आल्यागत हाय की ह्यो," त्या म्हणाल्या. "आन् आपुन ह्याच्या बुडात उभ्या?"

"हो, काकू."

"इतकी वर्सं?"

"जन्मल्यापासून."

त्या खाली बसल्या आणि त्यांनी जमिनीला हात लावून नमस्कार केला. 

आप्पांनी मात्र चष्म्याला हात लावला नाही.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक अवजाराची पूजा होते. कुळव, कोयता, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, शाळेतला संगणक. यंत्राचं काय करायचं, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. मी सकाळी अंघोळ करून ताट घेऊन टेकावर गेले. इतर गावांत कोरडं हळदकुंकू वाहतात. आमच्या माळावर ते चिमटीतून सुटायच्या आत उडून जातं, म्हणून तांबखडीत कुंकू गोडेतेलात कालवतात आणि पाच बोटं ओढतात. पूजेला तोंड उत्तरेकडे हवं, म्हणून मी यंत्राच्या दक्षिणेला उभी राहिले आणि जिथं त्याचं कपाळ असावं असं वाटलं तिथं, काचेच्या कडेला, पाच बोटं ओढली. नारळ फोडला. फोटो काढून मालकांना पाठवला. मला फार प्रसन्न वाटलं होतं.

तपासणी डिसेंबरपर्यंत चालली. या काळात आप्पांनी आपला हट्ट थोडा बदलला. पावसाचं तर ते बोलतच होते, पण आता दंवाचंही बोलू लागले. टेकाच्या दक्षिणेला आमचं साठ एकरांचं खोलगट काळं रान आहे, त्याला परात म्हणतात. तिच्यात गावातल्या प्रत्येक घराचा पट्टा आहे. तिथं रब्बीला हरभरा करतात आणि त्याला पाणी म्हणून देत नाहीत. तो दंवावर वाढतो. त्या हरभऱ्याची आंब चार तालुक्यांत नावाजलेली आहे. पहाटे धुतलेलं धोतर पिकावर अंथरायचं, दंव आणि पानांवरचा खार त्यात उतरला की पिळून बाटलीत भरायचं. पोट दुखायला लागलं की चमचाभर आंब पाण्यातून घ्यायची. पंखे आले तर परातीतलं दंव जाईल, असं आप्पा म्हणू लागले.

मी यंत्राला विचारलं. चाळीस पंखे आहेत असं धरून तीन महिन्यांच्या वाऱ्यावरून त्यानं हिशेब केला. परातीच्या दंवात फरक काय? उत्तर आलं, काही नाही.

ते मी ग्रामसभेत वाचलं. नुसतं वाचून थांबले असते तर बरं झालं असतं. पण वीस वर्षांचा राग होता. मी म्हणाले, "पावसाचंही खोटं आणि दंवाचंही खोटं. घरातलं वडीलधारं माणूस आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. यंत्राला नातं नसतं."

टाळ्या पडल्या. आप्पा उठले, त्यांनी टोपी झटकली आणि ते घरी गेले. सभेनं पंख्यांना तत्त्वतः संमती दिली. शेवटची मोहोर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उठायची होती.

त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलायचे थांबले. अगदीच बोलायची वेळ आली तर म्हशीशी बोलत. "आज कालवणात मीठ न्हाय वाटतं," असं तिला सांगत. म्हैस माझ्याकडे बघे. मीही इरेला पेटले होते. मीठ न घालता पुढचा घास वाढत असे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा पाय मुरगळला. आंबीचे दिवस. संध्याकाळी ते गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणाले, "उद्या परातीत कुणी जाणार न्हाय. यंदा आंब बुडाली." पहाटे उजाडायच्या आधी त्यांचं धुतलेलं धोतर घेतलं, अंगावर शाल घेतली आणि निघाले. सवयीनं चष्माही कमरेला खोचला.

लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी मी पहाटेच्या परातीत कधी उतरले नव्हते. ते पुरुषांचं काम. उतारावरून खाली चार पावलं टाकली आणि मी थबकले. माझ्या घोट्यांवरून काहीतरी गार वाहत होतं. गुडघ्याच्या वर काही नाही, हवा स्तब्ध. पण घोट्यांशी सरळ ओढ, जणू ओढ्यात उभी आहे. आणखी खाली गेले तशी ती ओढ पोटऱ्यांपर्यंत आली, मग गुडघ्यांपर्यंत. हरभऱ्याचे शेंडे त्या गार ओढीत हलत होते आणि ओलेचिंब होते.

मी चष्मा लावला. परातीत काहीच नव्हतं. फिकट निळे, सारख्या अंतराचे धागे, कोणी फूटपट्टीनं आखल्यासारखे. वाहणं नाही, गारवा नाही.

चष्मा काढला. पायाला गार लागत होतं. पुन्हा लावला. दिसत नव्हतं.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तेवढं पुरे होतं. धोतर तिथंच टाकून मी टेकावर धावत गेले. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. यंत्राला वळसा घालून दक्षिणेला आले आणि काचेकडे बघितलं. पाच बोटं. माझी. तेलातलं कुंकू वाळून काळं पडलं होतं आणि त्यावर तीन महिन्यांची धूळ बसून त्याचा लेप झाला होता. यंत्राला स्वतःची काच धुवायला पाण्याची पिचकारी असते. धुळीला ती पुरते, तेलाला पुरत नाही. दक्षिणेला, खाली, बरोबर परातीकडे बघणारा डोळा मी स्वतःच्या हातानं झाकला होता. आणि जिथलं दिसत नाही तिथं यंत्र आजूबाजूची सरासरी भरून टाकतं, कोपऱ्यात एक पिवळा ठिपका दाखवून. तो ठिपका मी रोज बघत होते. मला वाटलं, बॅटरीचा असेल.

मी पदरानं काच पुसली. तेल निघेना. थुंकी लावून, खसाखसा घासून पुसली. मग चष्मा लावला आणि परातीकडे वळले.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

रात्रभर माळ आपली ऊब आभाळाला देऊन टाकतो. मग जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, आणि जड झालेली कुठलीही गोष्ट करते तेच करते, उताराला लागते. मी हे पुस्तकातून शिकवलेलं आहे. आता ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. उगवतीच्या कड्यावरून, साऱ्या माळावरून, गावातल्या घरांच्या फटींतून गडद निळे ओहोळ निघाले होते. एकमेकांना मिळत, दगडांना वळसे घालत ते परातीच्या काठाशी येत आणि आत ओतले जात. परात काठोकाठ भरली होती. साठ एकरांचं निळं तळं, त्याचा पृष्ठभाग संथ हलत होता, आणि त्याच्या तळाशी एकेका हरभऱ्याच्या झाडाभोवती यंत्र पांढरे बिंदू उजळवत होतं: दंव धरत होतं. तिथं, तेव्हा, थेंबाथेंबानं. हजारो वर्षं रोज पहाटे हे चाललेलं होतं आणि कोणी बघत नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातही माझं असं कधी झालेलं नाही.

मग मी यंत्राला सांगितलं, चाळीस पंखे आहेत असं समज.

थंडीत आमच्याकडे वारा उगवतीकडून येतो. उगवतीच्या कड्यावरच्या नऊ पंख्यांमागे लांब, पिळदार शेपट्या निघाल्या. त्या वरची उबदार हवा ढवळून खाली आणत होत्या. निळे ओहोळ वाटेतच तुटले. तळं वाफेसारखं फाटत गेलं, पांढरे बिंदू एकेक करून विझले आणि परातीत उरली साधी, कोमट, कोरडी हवा. बाकीचे एकतीस पंखे मावळतीला होते. त्यांच्या शेपट्या परातीच्या जवळपासही येत नव्हत्या.

म्हणजे दंवाबद्दल आप्पा बरोबर होते. सगळं गाव माझ्या शब्दावर हो म्हणालं होतं आणि माझा शब्द आंधळा होता. हे या जगात फक्त मला माहीत होतं.

मी मुजावरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तपासणी रद्द झाली तर कंपनी वर्षभर थांबणार नाही," ते म्हणाले. "दुसरं पठार तयार आहे. एक करता येईल. आता संमती होऊ द्या, पंखे उभे राहिल्यावर दुरुस्तीचा अर्ज करू."

"उभे राहिलेले पंखे कोणी काढतं का?"

"नाही," ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही हे बरं आहे. "तपासणीवर सही तुमची आहे. मी वरती काही कळवणार नाही. तुम्ही सांगाल ते सव्वीसला."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. शाळेच्या तापलेल्या भिंती आठवल्या. ओली पोती आठवली. आणि त्याहून जास्त आठवल्या त्या सभेतल्या टाळ्या. ज्या बाईनं सासऱ्याला चारचौघांत अडाणी ठरवलं, तिनंच यंत्राला कुंकू फासलं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

घरी आले तेव्हा आप्पा पडवीत पाय शेकत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आप्पा, परातीत गार वारा उतरतो. तुम्ही म्हणत होता ते खरं आहे. यंत्राची काच मीच झाकली होती. खंडेनवमीला. कुंकवानं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हशीला सांगतील. पण ते सरळ मला म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"मुजावरांना. गावात कोणाला नाही."

"आन् सांगणार हायस?"

"माहीत नाही."

आप्पांनी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं. "दाव," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मी त्यांना चष्मा लावला. पडवीसमोरच्या उतारावरून घोट्याएवढा वारा अजून परातीत उतरत होता. आप्पा मान न हलवता बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि त्या ओहोळात धरल्यासारखा हवेत धरला. "हितनंच," ते पुटपुटले. "हितनंच लागतंय पायाला. माज्या बापाच्या बी लागत हुतं." मला रडू आलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता पाऊस दाव."

"कुठला पाऊस?"

"गरुडमाळावरनं पळवत्यात त्यो."

यंत्र साठवलेला वारा पुन्हा दाखवतं. मी भादव्यातली एक दुपार काढली. उत्तरेचं आभाळ भरून आलं होतं. गरुडमाळावरचे पंखे फिरत होते, त्यांच्या मागे शेपट्या होत्या. त्या थोड्या अंतरावर विरून जात होत्या. आणि त्यांच्या कितीतरी वर, दहा पंखे एकावर एक उभे केले तरी पोचणार नाहीत इतक्या उंचीवर, ओल्या हवेचे डोंगरच्या डोंगर सावकाश चालले होते. एकेका ढगाच्या पोटात नारिंगी कारंजी उसळत होती, आमचं अख्खं पठार मावेल एवढी. आप्पांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा. मग त्यांनी चष्मा काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतरचे दहा-बारा दिवस ते माझ्याशी गरजेपुरतं बोलले, पण या विषयावर एक शब्दही नाही. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ते जिंकले होते. सभेत उठून त्यांनी माझी काय हवी ती फजिती केली असती तरी मला तोंड नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. कडाक्याची थंडी, सगळे शाली-घोंगड्यांत. सरपंच सुवर्णाताई गलांडे यांनी ठराव वाचायला घेतला आणि मी उठले. आदल्या रात्री शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरले.

"ठराव वाचू नका," मी म्हणाले. "डिसेंबरात मी जे वाचलं ते चुकीचं होतं. यंत्राला परात दिसतच नव्हती. त्याच्या काचेला मीच तेलकुंकू लावलं होतं. परातीतलं दंव जाणार आहे. उगवतीचे नऊ पंखे ते घालवणार आहेत."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग चष्मे फिरले, मी परातीतली ती पहाट दाखवली, पंखे घालून दाखवली, पंखे काढून दाखवली. चष्मा काढलेल्या माणसांचे चेहरे मला बघवत नव्हते. पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि मग एकच गलका उठला.

"म्हंजे आंधळ्या यंत्रावर आमी अंगठं दिलं?"

"शिकल्याली बाई, आन् ही अक्कल!"

"समदंच रद्द करा! यंत्र बी न्या, पंखं बी न्या!"

"आप्पा बराबर हुतं! आप्पांना बोलू द्या!"

मुजावर मान खाली घालून उभे होते. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. आप्पा काठी टेकत उठले, तसं पटांगण चिडीचूप झालं. वीस वर्षं गाव या क्षणाची वाट बघत होतं.

"हिची चूक झाली," आप्पा म्हणाले. "चार म्हयन्यांची चूक. हिनं ती सांगितली." ते थांबले. छाती भरून श्वास घेतला. "आता माजी ऐका. म्या वीस वर्सं सांगत आलो, पंख्यांनी पाऊस पळवला. तुमी मानलंसा. गाड्यांपुढं माज्यासंगं झोपलासा. परवा हिनं मला त्यो पाऊस दावला. म्या चार बारीला बगितला. पळवला न्हाय कुणी. ढग लई वरनं जात्यात. खाली पंखं हायत का माणसं हायत, त्यांना ठावं बी न्हाय. लई मोठं हाय ते. आपल्या भांडणात मावण्याजोगं न्हाय."

"दंव जाणार हे खरं. पाऊस पळवला हे खोटं. दोन्ही त्याच यंत्रानं दावलं, मग एक घ्यायचं आन् एक टाकायचं, हे म्या न्हाय करणार. उगवतीचं नऊ नगंत. बाकीचं एकतीस गावच्या पोरांच्या शाळंला वीज देणार असत्याल तर देऊं द्यात."

सुवर्णाताईंनी मुजावरांकडे बघितलं. "एकतीसवर कंपनी थांबेल?"

"सांगता येत नाही," मुजावर म्हणाले. "कदाचित नाही थांबणार. पण तुम्ही ठराव कराल तसाच मी नेईन."

"न्या," आप्पा म्हणाले. "थांबली तर थांबली. न्हाय तर तिची वाट तिला. खरं हाय तेवढंच लिवा."

ठराव मतांना टाकला. हात मोजायचं काम दर वेळी माझ्याकडे असतं. ते आता माझ्याकडून काढून घेतील असं मला वाटलं, पण सुवर्णाताई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "बाई, मोजा."

मघाचा चष्मा माझ्या डोळ्यांवर तसाच होता, तो काढायचं भानच राहिलं नव्हतं. मी सभेकडे वळले आणि मोजायचं विसरले. चारशे माणसांच्या श्वासांची ऊब पटांगणातून वर चढत होती. एकेकाच्या तोंडातून निघालेला नारिंगी धागा हातभर एकटा जाई, मग शेजारच्याला मिळे. आत्ता माझ्यावर ओरडलेल्यांचा, मान खाली घातलेल्या मुजावरांचा, पारूबाईंचा, माझाही. छपराच्या वर त्यांचा एकच जाड खांब झाला होता, वडाच्याही वर गेला होता आणि तिथं उगवतीच्या वाऱ्याला लागून, मावळतीकडे, आमच्या नजरेपलीकडे वाहत चालला होता.

"बाई," सुवर्णाताई म्हणाल्या, "मोजताय ना?"

मी चष्मा काढला आणि मोजायला लागले. पहिला हात आप्पांचा होता.